पेट्रोल पंपाखालची माती आणि भूजल: इंधन गळतीचा तपास कसा करावा

इंधन साठवणीच्या जागेवर बोअर घेणारे यंत्र उभे करण्याआधी त्या जागेचा उभा छेद कागदावर काढलेला असावा. टाकी किती खोल पुरलेली आहे, तिच्याभोवती कसला भराव आहे, त्याखाली माती कोणती, मुरूम कुठे लागतो, कातळ कुठे सुरू होतो, भूजलाची पातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात साधारण कुठे असते, हे सारे अंदाजानेच का होईना, पण त्या चित्रात आले पाहिजे. चित्र चुकीचे निघाले तरी बिघडत नाही. ते चूक की बरोबर हे ठरवण्यासाठीच बोअर घ्यायचे असतात. चित्रच नसेल तर मात्र घेतलेला प्रत्येक नमुना एक सुटा आकडा बनून राहतो आणि प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्यावर त्याचे काय करायचे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक नियोजित बोअरपुढे तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे हे एका वाक्यात लिहावे. असे वाक्य लिहिता येत नसेल, तर तो बोअर रद्द करावा किंवा त्याची जागा बदलावी.

चित्र काढायचे तर इंधन जमिनीखाली कसे वागते हे माहीत हवे. टाकीतून किंवा पाइपच्या सांध्यातून निसटलेले पेट्रोल आधी सरळ खाली उतरते आणि वाटेतल्या मातीच्या छिद्रांत थोडे थोडे अडकत जाते. गळती लहान असेल तर ते तिथेच संपते. मोठी असेल तर ते भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचते, आणि पाण्याची घनता १ धरली तर पेट्रोलची घनता साधारण ०.७२ ते ०.७८, तर डिझेलची ०.८२ ते ०.८६ असल्यामुळे ते पाण्यात बुडत नाही, पातळीलगत पसरते. ऋतूनुसार पातळी वरखाली झाली की हे इंधनही वरखाली होते आणि पातळीच्या वरचा व खालचा काही फुटांचा पट्टा तेलकट करून ठेवते. ऐन पावसाळ्यात तपासणी केली, तर हा माखलेला पट्टा पाण्याखाली गेलेला असतो आणि विहिरीत तरंगते इंधन दिसत नाही. ते नाहीसे झालेले नसते, पातळी उतरली की पुन्हा दिसू लागते. एका फेरीच्या मोजणीवरून निष्कर्ष काढू नये तो यासाठीच.

इंधन म्हणजे एकच पदार्थ नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. पेट्रोलमध्ये तपासणीच्या दृष्टीने महत्त्वाचे घटक म्हणजे बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलीन. या चौघांना मिळून बीटेक्स म्हणतात. शुद्ध बेंझिन पाण्यात लिटरला सुमारे १,८०० मिलिग्रॅम विरघळते, परंतु इंधनात त्याचा वाटा जेवढा, त्याच प्रमाणात ते पाण्यात उतरते. रेणूंच्या हिशेबाने हा वाटा एक टक्का असेल, तर इंधनाला अगदी चिकटून असलेल्या पाण्यातही लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅमच्या आसपासच बेंझिन सापडावे. अहवालात याच्या कितीतरी पट आकडा दिसला, तर बहुधा नमुन्यात इंधनाचे थेंब मिसळले गेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील बेंझिनसाठी लिटरला १० मायक्रोग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य दिले आहे, म्हणजे वरच्या आकड्याच्या सुमारे अठराशेवा भाग. इंधनाचा वास येत नसलेले पाणीही पिण्यास अयोग्य असू शकते ते यामुळे.

डिझेलचे वागणे वेगळे असते. त्यात बीटेक्स थोडे, जड घटक जास्त. ते हळू विरघळते, कमी बाष्प सोडते आणि मातीत दीर्घकाळ टिकते. एमटीबीई (पेट्रोलचा ऑक्टेन वाढवण्यासाठीचे रसायन) मिसळलेले पेट्रोल जिथे साठवले गेले होते, तिथे हा घटक वेगळा तपासावाच लागतो, कारण तो पाण्यात सहज विरघळतो, मातीला चिकटत नाही आणि बीटेक्सच्या पुढे निघून जातो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या बाबतीत जिवाणू आधी इथेनॉल खातात आणि त्यात पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, त्यामुळे बेंझिनचे विघटन लांबते. जुन्या जागेवर शिसेयुक्त पेट्रोलचाही विचार करावा. असे पेट्रोल मोटारींसाठी विकणे जगभरात २०२१ मध्ये पूर्णपणे थांबले, पण त्यातले शिसे आणि त्यासोबत वापरले जाणारे इथिलीन डायब्रोमाइड जुन्या टाक्यांभोवती अजूनही सापडू शकते.

कागदांची तपासणी

जागेवर जाण्यापूर्वीचे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच ते उरकले जाते. जुने आराखडे, टाक्या बसवल्याची व काढल्याची नोंद, पाइपलाइन बदलल्याची नोंद, टाकी व लाइन यांच्या गळती चाचण्यांचे निकाल आणि साठ्याच्या रोजच्या नोंदवह्या मागवाव्यात. आजची डिस्पेन्सिंग युनिटे (गाडीत इंधन भरणारी यंत्रे) जिथे आहेत तिथेच ती पूर्वीही होती, असे गृहीत धरू नये. वापरातून काढलेली पण जमिनीतच राहिलेली एखादी टाकी आराखड्यावर नसते, मात्र जुन्या कामगाराच्या लक्षात असते. त्याच्याशी अर्धा तास बोलणे कधी कधी दोन बोअर वाचवते.

साठ्याच्या वह्या वाचताना तपमान विसरू नये. पेट्रोल प्रत्येक अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.१ टक्क्याने प्रसरण पावते. म्हणजे १०,००० लिटर इंधन टँकरमधून तापलेले आले आणि टाकीत दहा अंशांनी निवले, तर एक थेंबही न सांडता सुमारे १०० लिटरची तूट दिसते. एखाद्या दिवसाच्या तुटीला फारसा अर्थ नसतो. महिनोन्महिने एकाच दिशेने जाणारी तूट आणि भूजलाच्या हंगामाबरोबर टाकीच्या तळाशी वाढणारे पाणी या दोन नोंदी मात्र शेजारी ठेवून पाहाव्यात, कारण ज्या छिद्रातून इंधन बाहेर जाते त्याच छिद्रातून पाणी आत येऊ शकते.

याच टप्प्यावर परिसरातील विहिरी, बोअरवेल, तळघरे, गटारे, नाले आणि केबलचे चर नकाशावर टाकावेत. पिण्यासाठी वापरली जाणारी विहीर जवळ असेल, तर बाकीची तपासणी होईपर्यंत थांबू नये. तिचे पाणी पहिल्याच दिवशी तपासायला पाठवावे. तळघरात किंवा गटारात इंधनाचा वास येत असेल, तर ते तपासणीचे काम राहत नाही, आणीबाणी ठरते. पेट्रोलच्या बाष्पाचे हवेतील प्रमाण सुमारे १.४ टक्के झाले की ते पेट घेऊ शकते. अशा वेळी आधी लोकांना बाहेर काढणे, वीज व ज्योत दूर ठेवणे आणि अग्निशमन दलाला कळवणे, इतकेच करावे.

बोअर कुठे घ्यावा

इंधनाच्या जागेवर बोअर घेताना पहिला धोका जमिनीखालच्या लाइनचा असतो. आराखडे पाहून, केबल व पाइप शोधणारे उपकरण फिरवून आणि तरीही पहिला दीड मीटर हातानेच खोदून मगच यंत्र लावावे. हाताने खोदण्याला वेळ लागतो म्हणून कंत्राटदार कुरकुरतो. त्याला कुरकुरू द्यावे. खोदकामाच्या तोंडाशी ज्वलनशील वायूमापक सतत चालू असावा आणि वाचन किमान स्फोटमर्यादेच्या (बाष्प पेट घेऊ शकेल अशा सर्वांत कमी प्रमाणाच्या) १० टक्क्यांवर गेले की काम थांबवावे.

संशयाच्या जागा ठरलेल्या असतात: टाक्यांचा खड्डा, टँकर रिकामा करण्याची जागा, पाइपचे सांधे व वळणे, डिस्पेन्सिंग युनिटांच्या खालची माती, आणि तेल-पाणी विभाजक असेल तर त्याच्या निचऱ्याची बाजू. टँकर रिकामा करण्याच्या जागी एकेक घोट सांडत वर्षानुवर्षे जमीन भिजलेली असते. या जागांच्या लगत, पण टाकी किंवा पाइपला धोका होणार नाही इतक्या अंतरावर बोअर घ्यावेत. टाक्यांच्या मधून यंत्र घालण्याचे धाडस करू नये. शिवाय भूजल ज्या बाजूने वाहत येते त्या वरच्या अंगाला एक बोअर हवाच, कारण शेजारच्या जागेतून येणारे प्रदूषण आपल्या माथी बसू नये किंवा आपले शेजाऱ्याच्या माथी मारले जाऊ नये, याचा पुरावा तोच देतो.

टाक्यांच्या खड्ड्याबाबत एक गफलत वारंवार होते. खड्डा खडी किंवा वाळूने भरलेला असतो आणि भोवतालची माती चिकण असेल, तर त्यात पावसाचे पाणी हौदासारखे साचून राहते. त्या खड्ड्यातल्या निरीक्षण नळीत मोजलेली पातळी ही भूजलाची पातळी नसते. ती इतर विहिरींबरोबर एकाच नकाशात घातली, तर टाक्यांपासून चहूबाजूंना पाणी वाहते आहे असे भ्रामक चित्र तयार होते. खड्ड्यातले पाणी गळती ओळखण्यासाठी उपयोगी आहे, प्रवाहाच्या दिशेसाठी नाही.

मातीचे नमुने

बोअरमधून निघालेला मातीचा गाभा ताबडतोब पाहावा, हुंगू नये. वास घेऊन प्रदूषण ओळखण्याची सवय जुन्या लोकांत आढळते, पण बेंझिनमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. त्याऐवजी प्रत्येक अर्ध्या मीटरमागे मूठभर माती झिपच्या पिशवीत अर्धी भरावी, तोंड बंद करून ढेकळे फोडावीत, काही मिनिटे ठेवावी आणि पिशवीतल्या हवेत पीआयडीचे (अतिनील दिव्याने हवेतले बाष्प मोजणाऱ्या हातातल्या उपकरणाचे) टोक घालून सर्वांत मोठे वाचन नोंदवावे. या उपकरणात १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा असावा आणि सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ते आयसोब्युटिलीन वायूवर जुळवून घ्यावे. पीआयडी मिथेन ओळखत नाही, दमट हवेत चुकते आणि डिझेलच्या जड घटकांना फारसा प्रतिसाद देत नाही. म्हणून त्याचे वाचन कुठला नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा हे ठरवण्यापुरते वापरावे. प्रदूषणाचे प्रमाण म्हणून अहवालात मिरवू नये.

प्रत्येक बोअरमधून साधारणपणे तीन ठिकाणचे नमुने पुरतात: जिथे पीआयडीचे वाचन सर्वांत जास्त आले ते, भूजलाच्या पातळीच्या लगेच वरचे, आणि प्रदूषण संपले असे वाटते तिथले. तिसरा नमुना पैसे वाचवण्यासाठी गाळला जातो, पण प्रदूषणाची खोली त्याच्याशिवाय सिद्ध होत नाही. बाष्पशील घटकांसाठीची माती निर्जंतुक पिशवीत भरून दिवसभर गाडीत ठेवली, तर बेंझिन वाटेतच उडून जाते. छोट्या कोरर-सिरिंजने सुमारे ५ ग्रॅम माती थेट गाभ्यातून घेऊन आधीच वजन केलेल्या मेथॅनॉलच्या बाटलीत सोडावी आणि बाटली बर्फात ठेवावी. दोन-तीन जागांची माती एकत्र कालवून एक नमुना करणे बाष्पशील घटकांसाठी सर्वस्वी अयोग्य आहे.

निरीक्षण विहिरी

निरीक्षण विहिरीचा स्लॉटेड केसिंगचा (पाणी आत यावे म्हणून चिरा पाडलेल्या नळीचा) भाग भूजलाच्या पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे असला पाहिजे. पातळी हंगामात किती वरखाली होते ते लक्षात घेऊनच त्याची लांबी ठरवावी. स्लॉट पातळीखाली बुडालेले असतील, तर तरंगते इंधन विहिरीत शिरतच नाही आणि विहीर स्वच्छ असल्याचा खोटा दाखला मिळतो. उलट, स्लॉट फार लांब ठेवले तर खालचे स्वच्छ पाणी मिसळून प्रमाण पातळ होते. स्लॉटभोवती धुतलेल्या वाळूची गाळणी, तिच्यावर बेंटोनाइटची (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीची) सील आणि वर सिमेंट ग्राउट हवे, नाहीतर पृष्ठभागावर सांडलेले इंधन केसिंगच्या बाजूने खाली उतरेल आणि विहीर स्वतःच प्रदूषणाची वाट बनेल. बांधल्यावर गढूळपणा जाईपर्यंत विहीर उपसावी आणि मग काही दिवस तशीच ठेवावी.

कातळात गणित बदलते. तिथे पाणी आणि इंधन भेगांतून जाते, आणि भेगेची दिशा उताराच्या दिशेला जुमानत नाही. दहा मीटरवरची विहीर कोरी आणि शंभर मीटरवरची प्रदूषित, असे कातळात घडू शकते. म्हणून तिथे आसपासच्या वापरातल्या विहिरी तपासण्याला प्राधान्य द्यावे आणि बोअर घेताना भेगा कोणत्या खोलीवर लागल्या याची काटेकोर नोंद ठेवावी.

प्रवाहाची दिशा कळायला किमान तीन विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नसलेल्या. प्रत्येक केसिंगच्या काठावर खूण करून तिची उंची मिलिमीटरपर्यंत मोजावी आणि सर्व विहिरींतील पातळी एकाच दिवशी घ्यावी. समजा, पहिल्या विहिरीत पाण्याची उंची ९८.४०, दुसरीत ९८.१० आणि तिसरीत ९७.९० मीटर आली. पहिली आणि तिसरी यांच्यात ५० मीटर अंतर आहे आणि त्यांच्या उंचीतला फरक ०.५० मीटर आहे. ९८.१० ही उंची पहिलीपेक्षा ०.३० ने कमी, म्हणजे त्या रेषेवर ती पहिलीपासून ३० मीटरवर येईल. तो बिंदू आणि दुसरी विहीर जोडणारी रेघ ही समान उंचीची रेघ झाली. तिला काटकोनात, कमी उंचीच्या बाजूला, पाणी वाहते. ही आकृती जागेवरच वहीत काढावी, कारण पुढची विहीर कुठे हवी ते तिच्यावरून यंत्र परत जाण्यापूर्वी कळते.

विहिरीत इंधन तरंगत असेल, तर पाण्याची पातळी दबलेली असते. इंटरफेस प्रोबला (इंधन आणि पाणी यांची पातळी वेगवेगळी ओळखणाऱ्या मापकाला) इंधन ४.२० मीटरवर आणि पाणी ४.६५ मीटरवर लागले, तर थर ०.४५ मीटरचा झाला. इंधनाची घनता ०.७५ धरली, तर खरी पातळी ४.६५ मधून ०.४५ गुणिले ०.७५ वजा करून, म्हणजे सुमारे ४.३१ मीटरवर येते. विहिरीतली ही जाडी म्हणजे जमिनीतली जाडी नव्हे. मातीच्या छिद्रांत इंधन पाण्याबरोबर वाटून राहते, त्यामुळे तिथला प्रत्यक्ष साठा बहुतेक वेळा बराच कमी असतो. विहिरीतल्या जाडीला जागेच्या क्षेत्रफळाने गुणून काढलेले हजारो लिटर त्यामुळेच नंतर उपसायला मिळत नाहीत.

पाण्याचा नमुना

तरंगते इंधन असलेल्या विहिरीतून विरघळलेल्या घटकांचा नमुना घेऊ नये. उरलेल्या विहिरी कमी प्रदूषित ते जास्त प्रदूषित या क्रमाने घ्याव्यात. पंप स्लॉटच्या मध्यावर सोडून मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या सावकाश गतीने पाणी काढावे आणि पातळी शक्यतो १० सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली जाऊ देऊ नये. दर तीन ते पाच मिनिटांनी सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन आणि रेडॉक्स (पाण्याची ऑक्सिडीकरण-क्षपण क्षमता) नोंदवावे. सलग तीन वाचनांत सामू ०.१ च्या आत आणि वाहकता ३ टक्क्यांच्या आत स्थिर झाली, की विहिरीतले साचलेले पाणी संपून भूजल येऊ लागले असे समजावे.

आता ४० मिलिलिटरची काचेची बाटली घ्यावी. तिच्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब प्रयोगशाळेने आधीच घातलेले असतात, म्हणून ती विसळू नये आणि ओसंडून वाहू देऊ नये. बाटली तिरकी धरून पाणी काचेच्या कडेने, आवाज न करता आत सोडावे. शेवटी सरळ करून तोंडावर पाण्याचा फुगीर घुमट उभा राहीपर्यंत थेंब थेंब भरावे. टोपण सरकवत लावावे, आवळावे, बाटली उलटी करून तळहातावर हलके आपटावी आणि उजेडापुढे धरावी. बुडबुडा वर चढताना दिसला, तर ती बाटली बाजूला ठेवून नवी भरावी, कारण त्या बुडबुड्यात बेंझिन जाऊन बसते. बाटल्या ४ अंशांजवळ ठेवून, आम्ल घातलेल्या असतील तर १४ दिवसांच्या आत तपासल्या गेल्या पाहिजेत.

नमुन्यांबरोबर प्रयोगशाळेतूनच शुद्ध पाण्याने भरून आलेली एक ‘कोरी’ बाटली प्रत्येक शीतपेटीत असावी आणि ती उघडू नये. तिच्यात टोल्युइन सापडले, तर ते प्रवासात किंवा प्रयोगशाळेत शिरले आहे. पेटीशेजारी जनरेटरचा पेट्रोलचा डबा ठेवलेला असणे हे याचे नेहमीचे कारण! दर दहा-वीस नमुन्यांमागे एक जुळा नमुना वेगळ्या नावाने पाठवावा. प्रयोगशाळेची किमान मोजणी मर्यादा ज्या मानकाशी तुलना करायची त्याच्या खाली आहे ना, हे आदल्या दिवशी विचारावे. ५० मायक्रोग्रॅमच्या खाली मोजू न शकणाऱ्या पद्धतीने दिलेला ‘आढळले नाही’ हा शेरा १० मायक्रोग्रॅमच्या मानकापुढे निरर्थक आहे.

आकड्यांचा अर्थ लावताना

भूजलाच्या वेगाचा ढोबळ अंदाज डार्सीच्या नियमावरून येतो: जलवाहकता (मातीतून पाणी किती सहज जाते त्याचे माप) गुणिले उतार, भागिले परिणामकारक सच्छिद्रता (पाणी वाहू देणाऱ्या छिद्रांचा वाटा). जलवाहकता दिवसाला ५ मीटर, पातळीचा उतार ०.००५ आणि परिणामकारक सच्छिद्रता ०.२५ असेल, तर पाणी दिवसाला ०.१ मीटर, वर्षाला सुमारे ३६ मीटर पुढे सरकते. बेंझिन मातीला काहीसे चिकटते आणि जिवाणू ते खातात, त्यामुळे ते याहून मागे राहते. हे जिवाणू खरोखर कामाला लागले आहेत का, हे पाहण्यासाठी प्रदूषित पट्ट्यातला ऑक्सिजन, नायट्रेट व सल्फेट वरच्या अंगाच्या विहिरीपेक्षा कमी आणि विरघळलेले लोह व मिथेन जास्त आहे का ते तपासावे. हा पुरावा सबळ मानायचा, तर किमान काही हंगामांची मोजणी हवी. पाणी वर असताना घटलेले प्रमाण हे बऱ्याचदा केवळ पातळ झाल्याचे लक्षण असते, म्हणून प्रमाणाचा आलेख नेहमी पातळीच्या आलेखाखाली काढावा.

इमारत जवळ असेल, तर फरशीखालच्या मातीतल्या हवेचा नमुना वेगळा घ्यावा. पेट्रोलचे बाष्प ऑक्सिजन मिळाल्यास मातीत वर येता येता बरेचसे नष्ट होते, पण तरंगते इंधन पायाजवळ असेल तर या दिलाशावर विसंबू नये.

अहवालात पहिल्या दिवशी काढलेला उभा छेद आणि आता सुधारलेला छेद, दोन्ही द्यावेत, आणि काय बदलले ते सांगावे. जिथे बोअर घेता आला नाही त्या जागा नकाशावर रिकाम्या दाखवाव्यात. संगणकाने ओढलेल्या रंगीत समप्रमाण रेषा तिथेही आत्मविश्वासाने पसरतात, त्या तिथे तुटक कराव्यात किंवा पुसाव्यात. ज्या विहिरी पुढे मोजायच्या नाहीत, त्या झाकण लावून सोडून देऊ नयेत. त्यात तळापासून वरपर्यंत नळीने सिमेंट-बेंटोनाइटचा घोल भरावा, दुसऱ्या दिवशी तो किती बसला ते पाहून उरलेली जागा पुन्हा भरावी, आणि तारीख, खोली व घोलाचे प्रमाण विहिरीच्या नोंदपत्रकात लिहून ठेवावे.